ओटीत गेलेली राणी

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला सबनीसांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची समजूत होते की या घरात कुत्रा आहे. सुमंतराव बोलता बोलता सहज म्हणतात, "नीला वर बॉबीपाशी बसलीय," किंवा "बॉबीसाठी तिने परवाच नवी मखमल आणली." पाहुणा जरा सावरून बसतो, जिन्याकडे बघत राहतो. बॉबी काही खाली येत नाही. मग चहा झाल्यावर उलगडा होतो की बॉबी हे स्कॉटलंडचं एक जुनं नाणं, आपल्या ढब्बू पैशाच्या जातकुळीतलं, आणि नीलांबरीबाई गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं स्कॉटलंडची जुनी नाणी जमवतात.

"स्कॉटलंडचीच का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. त्याचं उत्तरही सुमंतरावच देतात, कारण ते त्यांना जास्त रंगवून सांगता येतं.

नीलांबरीबाई पॅथॉलॉजिस्ट. मुंबईत शिक्षण संपल्यावर दोन वर्षं त्या स्कॉटलंडमधल्या डंडी नावाच्या गावी एका हॉस्पिटलात होत्या. राहायला भाड्याची खोली, खोलीत गॅसची शेगडी आणि शेगडीला मीटर. मीटरमध्ये शिलिंग टाकलं की शेगडी पेटायची, ते संपलं की पाय गारठायचे. एका संध्याकाळी मूठभर शिलिंगं चाळताना त्यांच्या लक्षात आलं, काहींवरचा सिंह उभा आहे आणि काहींवरचा बसलेला. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या नर्सने सांगितलं, उभा तो इंग्लंडचा, बसलेला तो आमचा. त्या दिवसापासून उभे सिंह मीटरला आणि बसलेले सिंह एका लोकरी मोज्यात, अशी वाटणी सुरू झाली. पुढे एका जानेवारीत मोजा सिंहांनी टम्म भरलेला आणि मीटरला घालायला एकही उभा सिंह नाही, अशी वेळ आली. बाई कोट, टोपी, हातमोजे घालून झोपल्या, पण मोज्याची गाठ सोडली नाही.

"हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं," सुमंतराव म्हणतात. "मी म्हटलं, ही बाई न्यू जर्सीत टिकेल."

सुमंतराव केमिकल इंजिनिअर होते. आता दोघंही निवृत्त. मुलगा विक्रम आणि सून अनिका दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात. अनिका टेक्सासमध्ये अर्विंगला जन्मली, वाढली. तिचं मराठी चांगलं आहे, फक्त ते इंग्रजीचा हात धरून चालतं. सासूबाईंचं आणि तिचं गूळपीठ आहे. सासूबाईंच्या वरच्या खोलीत मात्र तिने कधी फारसा रस घेतला नव्हता. तिथे भिंग, वजनाचा नाजूक काटा, मखमलीची तबकं आणि शिस्त होती. शिस्तीचा पहिला नियम असा की नाणं कधी घासायचं नाही. त्याच्यावर चढलेला काळपटपणा हे त्याचं वय. ते पुसलं की नाण्याची किंमतही गेली आणि तोंडावरची कळाही.

या सगळ्या संग्रहात नीलांबरीबाईंचा जीव एका नाण्यात होता. स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या काळातला बॉबी. तांबं, त्यात चवीपुरती चांदी, झिजून पातळ झालेलं, आणि मधोमध मुकुट घातलेलं एक काटेरी फूल. हे फूल म्हणजे स्कॉटलंडची निशाणी. पेनसिल्व्हेनियातल्या एका नाण्यांच्या बाजारात "परदेशी, किरकोळ" अशी पाटी लावलेल्या टोपलीत ते पडलं होतं. विकणाऱ्याला ते कुठल्या देशाचं, कुठल्या शतकाचं, काही पत्ता नव्हता. नीलांबरीबाईंनी भिंगाखाली फुलाची कड बघितली आणि आयुष्यभर पेशींच्या कडा बघितलेल्या त्या डोळ्यांनी ओळखलं. असं दुसरं नाणं विकत मिळतं, अगदीच दुर्मिळ नाही. पण ते दुसऱ्याने ओळखलेलं असतं.

यंदा या बॉबीला मान मिळणार होता. नीलांबरीबाईंचा गावातल्या नाणेसंग्राहकांचा क्लब दर वसंतात फायर स्टेशनच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवतो. क्लबात बहुतेक थर्मास घेऊन येणारे निवृत्त गोरे गृहस्थ. इतकी वर्षं नीलांबरीबाईंना कुणाच्या तरी टेबलाचा कोपरा मिळायचा. यंदा क्लबचा अध्यक्ष वॉल्टर याने फोन करून सांगितलं, "नीला, दाराजवळचं टेबल तुझं. पूर्ण." त्यांनी विषय ठरवला, काटेरी फुलाची पाच राज्यं. पाच राज्यकर्ते, पाच नाणी, प्रत्येकावर तेच फूल. पहिलं मेरी राणीचं, मग तिच्या मुलाचं, नातवाचं, पणतूचं, आणि शेवटी विल्यम आणि दुसऱ्या मेरीचं. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्कॉटलंडची वेगळी नाणी पाडणं बंद झालं. ओळ सुरू होणार ती मेरीपासून. ती नसेल तर बाकीचे चौघे म्हणजे इंजिनाविना डबे.

प्रदर्शनाला तीन आठवडे असताना सबनीसांकडे एक डोहाळजेवण झालं.

ते होतं रुचाचं. रुचा अनिकाची जवळची मैत्रीण, पिस्कॅटवेला राहणारी. तिला सातवा लागला होता, आणि अमरावतीहून येणाऱ्या तिच्या आईचा व्हिसा अडकला होता. "मग आपण करू ना, आई, आपल्याकडे," अनिका म्हणाली, आणि नीलांबरीबाईंनी आनंदाने कंबर कसली. वीस बायका, फुलांचे दागिने, पाच प्रकारचे भात. ओटीचं ताट लावायचं काम अनिकाने आपणहून मागून घेतलं. तिने आजवर ओट्या घेतल्या होत्या, ताट कधी लावलं नव्हतं.

"आई, फायनल लिस्ट सांगा," ती जिन्यातून ओरडली.

"तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, हळकुंड, सुपारी, आणि एक नाणं," नीलांबरीबाई कढईसमोरून म्हणाल्या.

"नाणं कुठलं? क्वार्टर चालेल?"

"क्वार्टर नको. डबीत आहेत बघ."

त्यांना म्हणायची होती मसाल्याच्या कपाटातली स्टीलची डबी. तिच्यात खास ओटीसाठी ठेवलेले भारतातले रुपये होते. पण अनिकाच्या लेखी या घरात नाणी म्हणजे वरची खोली. ती वर गेली. टेबलावर वजनाच्या काट्याशेजारी एक छोटी लाकडी डबी होती, आत कापूस, कापसावर एकच काळं नाणं. ओटीला एकच नाणं लागतं आणि डबीत एकच नाणं आहे, म्हटल्यावर तिला शंका यायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी रुचाची ओटी नीलांबरीबाईंनी स्वतःच्या हातांनी भरली. चष्मा फ्रिजवर राहिला होता. तांदळाच्या ओंजळीबरोबर राणी रुचाच्या पदरात गेली, आणि वर नारळ बसला. बायकांनी फोटो काढले. ते फोटो आजही व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, त्यांत नीलांबरीबाई अतिशय प्रसन्न दिसतात.

दोन दिवसांनी त्यांनी प्रदर्शनासाठी डबी उघडली. कापूस होता.

त्यांनी खोली शोधली, मग खोलीतला कचरा शोधला, मग खाली येऊन स्टीलची डबी उघडून बघितली. रुपये होते तितकेच होते. त्या खुर्चीवर बसल्या. अनिका तेव्हा उरलेले डबे परत करायला आली होती.

"अनिका, परवा ओटीत कुठलं नाणं घातलंस?"

"डबीतलं. तुम्ही म्हणालात ते."

"कुठल्या डबीतलं?"

"वरच्या. त्याच्यावर लोटस होतं ना? मला वाटलं, लक्ष्मीचं असेल. इतकं जुनं होतं, आय वॉज लाइक, हे नक्की घराण्याचं आहे."

"ते कमळ नव्हतं."

"मग काय होतं?"

"काटे होते," नीलांबरीबाई म्हणाल्या.

अनिकाला समजायला क्षणभर लागला. मग तिने हातातला डबा हळूच ओट्यावर ठेवला. "ओ नो. आई. ते तुमचं ते होतं? बॉबी?"

"हो."

"एक्स्पेन्सिव्ह आहे?"

"नाही. पण मला सापडलेलं आहे."

"ओके. नो प्रॉब्लेम. मी आत्ता रुचाला टेक्स्ट करते, दोन सेकंदांचं काम आहे. शी'ल अंडरस्टँड."

"अजिबात करायचा नाही."

"पण का? ऑनेस्ट मिस्टेक आहे. लोक परत देतात."

"अनिका, ते ओटीत दिलंय. सातव्या महिन्यात. तिला कळवायचं, की बाई गं, तुझ्या ओटीतलं एक काढून दे? आशीर्वाद काय रिटर्न पॉलिसीवर देतात?"

आतल्या खोलीत सुमंतराव पेपर वाचत होते. ते पेपर न हलवता म्हणाले, "तू तर असलं काही मानत नाहीस. अमावस्येला मुद्दाम डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतेस."

"मी मानत नाही. रुचा मानत असेल तर?"

"मग दे सोडून. दुसरं घे."

"सोडणार नाही."

"म्हणजे नक्की काय पाहिजे तुला?"

नीलांबरीबाईंनी विचार केला. "मला ते न मागता परत पाहिजे."

सुमंतरावांनी आता पेपर खाली घेतला. "म्हणजे राजकारणात पडतेयस. या वयात."

नीलांबरीबाईंनी राजकारणाची सुरुवात कैरीच्या लोणच्याने केली. रुचाची आई पद्मजाताई एव्हाना व्हिसा मिळून अमरावतीहून पोचल्या होत्या. त्यांना भेटायला जाणं हे तर कर्तव्यच होतं. लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन नीलांबरीबाई गाडीत बसल्या आणि सुमंतराव त्यांना पिस्कॅटवेला घेऊन गेले. वाटेत बाईंनी तीन-चार योजना ऐकवल्या. एक अशी होती की आपण ओटीतल्या नारळाची चौकशी करायची. नारळावरून तांदूळ, तांदळावरून नाणं.

"आणि मग?" सुमंतरावांनी विचारलं.

"मग तिथे बघू."

सुमंतराव खालीच थांबले. शंतनूशी, म्हणजे रुचाच्या नवऱ्याशी, गाडीच्या टायरांबद्दल बोलायचं निमित्त त्यांना मिळालं.

पद्मजाताई भरदार अंगाच्या, मोकळ्या आवाजाच्या. अमरावतीला मुलींच्या शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी नीलांबरीबाईंना दारातच मिठी मारली.

"या जी, डॉक्टरीणबाई. माझ्या लेकीचं डोहाळजेवण तुम्ही केलं, माझ्या कातड्याचे जोडे केले तरी उपकार फिटत नाहीत. तिकडे आमचे हे एकटेच, चहात मीठ घालून पितात म्हणे. जाऊ द्या. बसा. रुचा झोपलीय. मी तुमचीच आठवण काढत होती आत्ता."

"माझी?"

"थांबा, दाखवते."

त्या आत गेल्या आणि दोन वाट्या घेऊन आल्या. एका वाटीत चिंच भिजत घातलेली होती. दुसऱ्या वाटीत राणी होती.

नीलांबरीबाईंनी लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली, कारण हात मोकळे असणं बरं होतं.

"रुचा म्हणते कमळ आहे. आता मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. कमळाला काटे कुठून येतील? अहो, हे उंटकटारं. आमच्या वावराच्या बांधावर ढीग उगवतं. पायात घुसलं की आई आठवते. तर पूर्वी त्याचं मूळ बाळंतिणीच्या कमरेला बांधायचे, अडली बाई लवकर मोकळी व्हावी म्हणून. माझ्या आजीने माझ्या आईला बांधलं होतं. मला ठाऊक आहे, त्याने काही होत नाही. पण मी घरून निघताना मूळ शोधलं, आणि मग म्हटलं, इकडे एअरपोर्टवर काढून घेतील. आणि इथे येऊन बघते तर काय, तुम्ही ओटीतच घातलंय. इतका विचार कोण करतं आजकाल? मी तर ठरवलं, हे बाळ होईपर्यंत रुचाच्या उशीखाली ठेवायचं. फक्त काळं फार झालंय. म्हटलं, चिंचेने लखलखीत करावं."

असं म्हणून त्यांनी चिंचेत बोटं बुडवली.

"नको," नीलांबरीबाई म्हणाल्या. इतक्या जोरात की आत रुचाने कूस बदलल्याचा आवाज आला.

"का हो?"

आता काहीतरी सांगणं भाग होतं. हे नाणं माझं आहे, चुकून आलं, असं सांगायची हीच वेळ होती. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलंही. पण पद्मजाताई त्यांच्याकडे अशा काही कौतुकाने बघत होत्या की ते तिथेच अडकलं.

"त्याला घासत नाहीत," त्या म्हणाल्या. "फार जुनं आहे. एका राणीचं आहे."

"कोणती राणी?"

"स्कॉटलंडची. मेरी. तिचे वडील वारले तेव्हा ती अगदी तान्ही होती. सहा दिवसांची. सहाव्या दिवशी राणी झाली."

पद्मजाताईंची बोटं चिंचेतून बाहेर आली. "सहाव्या दिवशी?"

"हो."

"म्हणजे सटवी येऊन कपाळावर लिहिते ना, त्याच दिवशी? हिच्या कपाळावर राज्यच लिहिलं की."

नीलांबरीबाईंना इतक्या वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं. त्यांच्या अंगावर खरोखरच काटा आला. त्याच वेळी त्यांना कळलं, आपण काय करून बसलो.

"बाप्पा," पद्मजाताई पुटपुटल्या आणि साडीच्या पदराने नाणं हलकेच टिपून पुन्हा वाटीत ठेवलं. "आता तर हे सहाव्या दिवसाच्या पूजेलाही लागेल. पुढे काय झालं तिचं?"

"चव्वेचाळीस वर्षं जगली."

"कमीच. पण त्या काळी होतं कुठे इतकंही. मूलबाळ?"

"मुलगा झाला. तो पुढे दोन देशांचा राजा झाला."

"वा," पद्मजाताई म्हणाल्या.

यात एकही शब्द खोटा नव्हता. नीलांबरीबाई पॅथॉलॉजीचे रिपोर्टही असेच लिहीत. विचारलं असेल तेवढंच.

चिंचेचं पाणी संध्याकाळच्या सारात गेलं. नाणं, आहे तसं काळं, उशीखाली गेलं. नीलांबरीबाई गाडीत येऊन बसल्या.

"मिळालं?" सुमंतरावांनी विचारलं.

"नाही. पण घासलं गेलं नाही."

"हे चांगलं झालं. मग अडलं कुठे?"

"बाळ होईपर्यंत तिथेच राहणार. आणि मीच त्यांना सांगितलं की ते किती शुभ आहे."

सुमंतरावांनी गाडी सुरू केली. टर्नपाइकच्या हमरस्त्याला लागेपर्यंत त्यांचे खांदे हलत होते.

"हसायचं असेल तर नीट हस. गाडी वाकडी जातेय," नीलांबरीबाई म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या शनिवारी दाराजवळच्या टेबलावर मखमलीच्या तबकात पाच खळगे होते आणि चार नाणी. पहिला खळगा रिकामा होता. त्याच्यापुढे नीलांबरीबाईंनी आपल्या टपोऱ्या अक्षरात कार्ड लिहून ठेवलं होतं, "मेरी राणीचा बॉबी. सध्या वापरात."

वॉल्टर दोनदा येऊन ते वाचून गेला. तो सहा फूट उंच, पांढऱ्या मिशांचा, आणि स्कॉटिश पणजोबांच्या नावाने चौकड्यांचा मफलर गळ्यात घालून फिरणारा. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला राहवलं नाही.

"नीला, जजेस दोन वाजता येतायत. रिकामी जागा म्हणजे मार्क कापणार."

"माहितेय."

"वापरात म्हणजे काय? साडेचारशे वर्षांपूर्वी बंद पडलेलं नाणं आहे ते."

"न्यू जर्सीत चालतं," नीलांबरीबाई म्हणाल्या.

अनिका शेजारी खुर्ची टाकून बसली होती. सकाळपासून ती सारखी दाराकडे बघत होती. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी रुचाला नाण्याबद्दल काहीच नाही बोलले, प्रॉमिस. फक्त आजचं इन्व्हिटेशन फॉरवर्ड केलं. दॅट्स अलाउड, ना?"

साडेबाराच्या सुमाराला दारातून आधी एक मोठी कापडी पिशवी आली, तिच्यामागे पद्मजाताई, आणि त्यांच्यामागे पोटावर हात ठेवून रुचा.

पद्मजाताईंनी हॉलभर नजर फिरवली, नीलांबरीबाई दिसल्या आणि त्या थेट टेबलापाशी आल्या.

"डॉक्टरीणबाई, तिचं डोकं उडवलं हो."

नीलांबरीबाई उठून उभ्या राहिल्या.

"शंतनूने फोनवर काढून दाखवलं. मी कौतुकाने सांगायला गेली, सहा दिवसांची राणी, म्हटलं बघ तर तिचं चित्र. तर पुढे सगळं हेच. एकोणीस वर्षं कैदेत ठेवली, आणि मग कुऱ्हाड. तीही एका घावात नाही. माझ्या लेकीच्या उशीखाली. मी तुम्हाला विचारलं होतं, पुढे काय झालं तिचं."

"मी म्हटलं, चव्वेचाळीस वर्षं जगली."

"आणि गेली कशाने?"

"ते तुम्ही विचारलं नाहीत," नीलांबरीबाई म्हणाल्या.

पद्मजाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला आणि नीलांबरीबाईंना कळलं की त्या हसतायत. "डॉक्टर ते डॉक्टरच. रिटायर झाले तरी पेशंटला अर्धंच सांगणार."

"काकू, आईला काल रात्रभर झोप नाही," रुचा म्हणाली. "मी मस्त झोपले. मला ते नाणं खूप आवडलं होतं, खरं तर."

"तू गप. हे बघा, हे आमच्या घरात ठेवणं काही बरं नाही. पण ओटीतलं परत करणं तेही बरं नाही. म्हणून मी यावर उपाय काढला. मी तुमचीच ओटी भरते. बसा."

"इथे?"

"इथे नाही तर कुठे? बसा जी. पदर पुढे करा."

पदर कुठला असणार. नीलांबरीबाई स्वेटर आणि पॅंटमध्ये होत्या. रुचाच्या अंगात कोट, अनिकाच्या अंगात जॅकेट. क्षणभर सगळ्या एकमेकींच्या कपड्यांकडे बघत राहिल्या. वॉल्टर बाजूलाच उभा होता. त्याला अनिकाने दोन वाक्यांत काय सांगितलं कोण जाणे, त्याने गळ्यातला चौकड्यांचा मफलर काढून दोन्ही हातांनी पुढे केला.

नीलांबरीबाई घडीच्या खुर्चीवर बसल्या, मफलर मांडीवर पसरला. पद्मजाताईंनी कुंकू लावलं, पिशवीतून तांदूळ काढले, नारळ, हळकुंड, सुपारी, एक जांभळं ब्लाउजपीस. सगळ्यांत शेवटी पिवळ्या कापडाची पुरचुंडी सोडली आणि राणी मफलरात ठेवली. आजूबाजूच्या टेबलांवरचे गृहस्थ सँडविच हातात धरून उभे होते. एकाने वॉल्टरला हळूच विचारलं, हा क्लबचा नवा नियम आहे का.

नीलांबरीबाईंनी भिंग काढलं. फूल जागेवर होतं. कड जागेवर होती. मुकुटाच्या खाचेत कुंकवाचा एक कण बसला होता, तेवढंच. त्यांनी ते पहिल्या खळग्यात ठेवलं, आणि ओळ पुरी झाली. दोन आठवडे त्या ज्या वाक्याच्या शोधात होत्या ते न बोलताच काम झालं होतं.

पद्मजाताई मात्र गेल्या नाहीत. त्या टेबलावर वाकून बाकीची नाणी बघत होत्या.

"ही सगळी उंटकटारीच?"

"हो. हे तिच्या नातवाचं, पहिल्या चार्ल्सचं."

"त्याचं काय झालं? पूर्ण सांगा."

"त्याचंही डोकं उडवलं."

"बाप्पा. आणि हा?"

"पणतू. हा अंथरुणात गेला. पण लग्नाच्या बायकोला मूल झालं नाही."

"मग उपयोग नाही. हे जोडीचं?"

"यांनाही नाही झालं. ती देवी येऊन गेली, तो घोड्यावरून पडला."

"काय घराणं हो हे," पद्मजाताई म्हणाल्या. "एकही धड नाही? मला आपलं वाटत होतं, लेकीच्या उशीखाली ते फूल राहिलं असतं तर... आता रिकामं रिकामं वाटतं. असो. नसेल नशिबात."

रुचा आईच्या दंडाला धरून उभी होती. तिने एकदा तबकाकडे बघितलं.

नीलांबरीबाईंनीही बघितलं. दुसऱ्या खळग्यात मेरीच्या मुलाचं नाणं होतं. लहानसं, तांब्याचं, एकाच देठावर फुलाची तीन बोंडं. ते मिळवायला त्यांना सहा वर्षं लागली होती. घड्याळात एक वाजत होता.

"हा जेम्स," त्या म्हणाल्या. "मेरीचा मुलगा. तेरा महिन्यांचा असताना राजा झाला. मग इंग्लंडचाही झाला. मुलं पुष्कळ झाली. आणि आजारी पडून आपल्या अंथरुणात वारला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी."

"डोकं?"

"शेवटपर्यंत जागेवर."

"पूर्ण सांगताय ना?"

"आंघोळीचा कंटाळा होता म्हणतात. बाकी काही नाही."

पद्मजाताईंनी मान डोलावली. आंघोळीचं त्यांना चालण्यासारखं होतं. नीलांबरीबाईंनी चिमट्याने नाणं उचललं, त्याच पिवळ्या कापडात बांधलं आणि रुचाच्या हातात दिलं. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

"आई," अनिका कुजबुजली, "दोन वाजता जजेस."

"घासायचं नाही," नीलांबरीबाई रुचाला म्हणाल्या. "चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी नाही. आईला हात लावू देऊ नकोस."

"ऐकू येतं मला," पद्मजाताई म्हणाल्या.

त्या दोघी पुढच्या टेबलांकडे गेल्यावर नीलांबरीबाईंनी "सध्या वापरात" हे कार्ड पहिल्या खळग्यापुढून उचललं, त्यावरचं नाव खोडून जेम्स लिहिलं आणि दुसऱ्या खळग्यापुढे ठेवलं. वॉल्टर मफलरातले तांदूळ झटकत परत आला. त्याने तबक बघितलं. पहिलं नाणं आलेलं, दुसरं गेलेलं. त्याने ओठ हलवत पुन्हा मोजलं.

"हे कधी परत येणार?" त्याने विचारलं. "मला जजेसना काहीतरी तारीख सांगावी लागेल."

"तारीख बाळाला विचार," नीलांबरीबाई म्हणाल्या, आणि नारळ टेबलाखाली सरकवून ठेवला.